पर्ल हार्बर स्मारक: बोटीआधी दालनं बघा

हवाईतल्या ओआहू बेटावरच्या या स्मारकात बहुतेक जण थेट बुडालेल्या 'ॲरिझोना' युद्धनौकेच्या स्मारकाकडे नेणारी बोट गाठतात. आधी संग्रहालयाची दोन्ही दालनं बघा, आणि हल्ल्याच्या वेळी खलाशांनी काय केलं याकडे लक्ष द्या. 7 डिसेंबर 1941 ला इथल्या अमेरिकी नौदल तळावर जपानचा हल्ला सुरू झाला सकाळी आठच्या सुमारास. थंड बॉयलर पेटवून निघण्याइतकी वाफ धरायला युद्धनौकेला दोनेक तास लागतात. 'नेवाडा' या युद्धनौकेचे दोन बॉयलर पेटलेले होते, म्हणूनच ती पाऊण तासात निघाली. पुढे बॉम्ब बसले, तेव्हा ती बुडून बंदराची वाट अडवू नये म्हणून तिला मुद्दाम किनाऱ्याला लावलं. केवढं प्रसंगावधान! 'वेस्ट व्हर्जिनिया'च्या डाव्या अंगाला टॉर्पेडो लागताच, ती कलंडू नये म्हणून खलाशांनी उजवीकडच्या कप्प्यांत पाणी सोडलं. ती बुडाली, पण सरळ तळाला बसली. 'ओक्लाहोमा'ला तेवढी उसंत मिळाली नाही, ती उलटली.

प्रवेश फुकट, बोटीच्या आगाऊ नोंदणीला 1 डॉलर. आठ आठवडे आधीपासून जागा मिळतात, उरलेल्या आदल्या दिवशी दुपारी 3 ला खुल्या होतात. पिशव्या आत नेता येत नाहीत. जोराचा वारा असला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून सहलीचा शेवटचा दिवस यासाठी ठेवू नका.