वित्त आयोग की पंचवीस-पंधरा: गावातल्या कोणत्या कामाला कोणता निधी?

कामांची यादी ग्रामसभेत झाली की पैशाचा प्रश्न येतो. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीपुढे साधारण दोन वाटा असतात. एक, केंद्राच्या वित्त आयोगाचा थेट निधी. दुसरी, मंजूर करून आणायचं काम: ग्रामविकास विभागाचं २५१५ (पंचवीस-पंधरा) लेखाशीर्ष, म्हणजे राज्याच्या अर्थसंकल्पातला त्या क्रमांकाचा खर्चाचा कप्पा, किंवा जिल्हा नियोजन समितीकडची जनसुविधा योजना.

वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीच्या हक्काचा, त्याला कुणाची शिफारस लागत नाही. मात्र त्यात कप्पे आहेत. १५व्या वित्त आयोगात (२०२१-२२ ते २०२५-२६) ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरावीक कामांपुरताच, ठेवला: ३० टक्के पाण्यासाठी, ३० टक्के स्वच्छतेसाठी. म्हणजे दहा लाख आले तरी रस्ता, दिवे, अंगणवाडी दुरुस्ती या सगळ्याला मिळून चारच लाख. पगार आणि आस्थापना खर्च त्यातूनही करता येत नाही. पुढच्या आयोगाचा आराखडा करताना टक्केवारी नव्या शासन निर्णयातून घ्यावी, जुन्या आराखड्याची नक्कल करू नये.

इथे घोटाळा होतो तो नोंदीत. ई-ग्रामस्वराज या ऑनलाइन पोर्टलवर चढवलेल्या आराखड्यात काम नसेल तर काम चोख होऊनही देयक निघत नाही. निवडणुकीनंतर नव्या सरपंचांची डिजिटल स्वाक्षरी नोंदवायला उशीर झाला की खात्यात पैसे असून हप्ता पडून राहतो. ती नोंदणी पहिल्याच आठवड्यात उरकावी.

२५१५ आणि जनसुविधेतून एकरकमी मोठं काम होतं. २५१५ लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांच्या कामांसाठी असतं, जनसुविधेतून स्मशानभूमी आणि ग्रामपंचायत कार्यालयासारखी कामं घेता येतात. पण मंजुरी कधी येईल हे गावाच्या हातात नाही. शिवाय देखभालीला यात पैसा नाही. स्मशानभूमीच्या शेडचा पत्रा उडाला तर तो ग्रामपंचायतीनेच बसवायचा.

अशा प्रस्तावात सर्वांत मोठी अडचण जागेची. वर्षानुवर्षं अंत्यविधी होत असलेली जागा सातबाऱ्यावर भलत्याच्याच नावे निघते, किंवा गायरान असते. म्हणून आधी सातबारा आणि मोजणीचा नकाशा काढावा, मग ठराव घ्यावा, त्यानंतर अभियंत्याकडून अंदाजपत्रक. तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता त्यापुढची. हा क्रम उलटा केला की फाईल परत येते आणि ते वर्ष हातचं जातं.

कार्यारंभ आदेश, म्हणजे काम सुरू करायचा आदेश, फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळाला तर आणखी एक धोका. मार्चअखेरच्या घाईत काँक्रीटचा रस्ता ओतला जातो, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई, क्युरिंग (काँक्रीटवर पाणी मारणं) दोन-तीन दिवसांत आटोपतं आणि पावसाळ्याआधीच भेगा दिसतात. टँकरची सोय आणि दोन आठवडे ओली राहतील अशी गोणपाटं असल्याशिवाय सुरुवात करू देऊ नये. झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या मोजमाप पुस्तिकेत रस्त्याची जाडी लिहिली जाताना ग्रामपंचायतीचं माणूस तिथे उभं हवं.

निवड करताना आम्ही असं सांगू: जलवाहिनी, गटार, शोषखड्डे, दुरुस्ती हे वित्त आयोगातून, जागा निर्विवाद असलेलं मोठं बांधकाम २५१५ किंवा जनसुविधेतून. एकाच गल्लीत दोन्ही कामं असतील तर जलवाहिनी आधी. रस्ता आधी मंजूर झाला तरी नळजोडणीचे आडवे पाइप काँक्रीटखालून टाकून घ्यावेत. नाहीतर तोच रस्ता पुढच्या वर्षी प्रत्येक घरासमोर फोडावा लागतो आणि त्या चरांच्या दुरुस्तीचा खर्च वेगळा पडतो.