साथरोग कायदा: जुन्याला दुरुस्ती की नवाच हवा?

2020 च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या साथीत, सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाला बांबू बांधून रस्ता बंद केला. शेजारच्या काकू विड्या वळतात. त्यांच्या सुपात तंबाखू तशीच पडून, पानं वाळून तडकायला लागलेली. "बांबू कधी सोडणार?" असं त्या रोज विचारायच्या. बांधून गेलेल्यांनाही ते माहीत नव्हतं.

ते बंधन ज्या साथरोग कायद्याच्या जोरावर आलं, तो 1897 चा. मुंबईतल्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी घाईने केलेला, मूळचा जेमतेम चार कलमांचा. कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या केंद्राच्या विधी आयोगाने फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या 286 व्या अहवालात दोन वाटा सांगितल्या: याच कायद्यात नीट दुरुस्त्या करा, नाहीतर सर्वंकष नवा कायदा आणा. पुढे मसुदा आला आणि सूचना मागवल्या, तर आपण कुठल्या बाजूने लिहायचं?

दुरुस्तीचा मोठा फायदा म्हणजे वेळ वाचतो. 2020 मध्ये डॉक्टर-नर्सवर हल्ले झाले, तेव्हा एप्रिलमध्ये वटहुकूम निघाला आणि सप्टेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. हल्लेखोराला 3 महिने ते 5 वर्षं कैद, गंभीर इजा केली तर 7 वर्षांपर्यंत. रुग्णालयात काम करणाऱ्या घरांना हा आधार खरा आहे, तो जाता कामा नये. पण मूळ दुखणं तसंच राहिलं. 'धोकादायक साथरोग' कशाला म्हणायचं याची व्याख्याच कायद्यात नाही. सरकारला वाटलं की अधिकार सुरू. सद्भावनेने काम केलेल्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे. घरात अडकलेल्या माणसाचा हक्क मात्र कुठेच लिहिलेला नाही.

नव्या कायद्याचा नमुना केंद्राने 2017 मध्ये काढलेल्या सार्वजनिक आरोग्य विधेयकाच्या मसुद्यात दिसतो. त्यात साथ, विलगीकरण अशा शब्दांच्या व्याख्या होत्या आणि जिल्हा व स्थानिक पातळीपर्यंत अधिकार देण्याची सोय होती. आपल्या जिल्ह्याला हे फार मोलाचं आहे. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी येतात, संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. अशा गर्दीचा निर्णय मुंबईहून फोन येईपर्यंत थांबू शकत नाही. शिवाय विजयपूर, कलबुर्गीकडचे रुग्ण उपचाराला सोलापुरात येतात. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय, पण साथ एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ न देणं समवर्ती सूचीत येतं, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. म्हणून सीमेवर कोणी काय करायचं हे केंद्राच्या कायद्यातच स्पष्ट हवं.

खोट अशी की त्या मसुद्याचा भर सक्तीच्या अधिकारांवर होता. अधिकार खाली आले आणि जबाबदारी वरच राहिली, तर गल्लीला काय मिळालं?

माझं मत नव्या कायद्याच्या बाजूने आहे, पण तीन अटींवर. बंदीच्या आदेशावर मुदत लिहिलेली असावी. त्याविरुद्ध जिल्ह्यातच दाद मागता यावी. आणि तिसरी अट मला सगळ्यात जिवाभावाची: ज्याला घरात थांबवलं त्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई कायद्यातच असावी. यंत्रमागावर पीसवर, म्हणजे जेवढा माल तेवढीच मजुरी अशा हिशेबाने, काम करणाऱ्याला खाडा परवडत नाही. घर चालेनासं झालं की तो ताप लपवतो, आणि साथ तिथूनच पसरते.

तुमच्या घरात कोणी दवाखान्यात नोकरीला असेल आणि नव्या कायद्याला वर्षं लागतील अशी भीती वाटत असेल, तर दुरुस्ती मागणंही चूक नाही. फक्त व्याख्या आणि मुदत या दोन गोष्टी त्यात लिहून मागा.

केंद्राच्या 2014 च्या धोरणानुसार मसुदा लोकांसमोर किमान 30 दिवस ठेवायचा असतो. मसुदा इंग्रजीत आला तर मराठीत मागा, आणि तेलुगू, कन्नडमध्येही. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत तेलुगू बोलतात. मसुदा निघाला की मी काकूंना त्यांच्या भाषेत वाचून दाखवणार आहे. बांबूंबद्दल त्या जे सांगतील, तेच सूचनेत पहिलं लिहीन.