इंकस्केपवर आठ महिने: टी-शर्टच्या फाइली आणि मामांची बोलणी

डिसेंबरात इंकस्केप, म्हणजे रेषांची चित्रं आणि अक्षरं काढायचं फुकटचं सॉफ्टवेअर, उतरवून घेतलं तेव्हा हेतू एवढाच होता, की त्याच कामाच्या विकतच्या कोरेलचे पैसे भरायला लागू नयेत. आता ऑगस्ट आलाय, गणपतीच्या ऑर्डरी दारात उभ्या आहेत. मधल्या काळात शिवजयंती, फुटबॉलचा हंगाम, पन्हाळा-पावनखिंड मोहीम हे सगळं ह्याच फुकटच्या सॉफ्टवेअरवर निभावलं. म्हणून म्हटलं, आता अनुभव लिहायला बसलो तर चालेल. (हो, बसलोच. मी बाई आहे, पण कोल्हापूरची. आम्ही आलो, गेलो, बसलो असंच म्हणतो.)

माझं काम म्हणजे टी-शर्टवरचं चित्र आणि अक्षर काढून, छपाईला जाईल अशी फाइल हातात देणं. छापायचं मशीन माझ्याकडे नाही. वीस-पंचवीस नगांची ऑर्डर असली की ती शाहूपुरीत डीटीएफवाल्यांकडे (चित्र आधी फिल्मवर छापून मग कापडावर दाबतात ते) जाते. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीपण म्हणतो. आकडा शंभराच्या वर गेला की मंगळवार पेठेत स्क्रीन प्रिंटिंगला. रंगकाम, शेडिंगचं चित्र असेल तर ते मी क्रिटामध्ये करतो, तेही फुकटच. अक्षरं, बोधचिन्हं आणि शेवटची फाइल मात्र इंकस्केपमध्ये.

पहिल्याच फाइलीला मामांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "पोरी, हे अक्षर हाय का जिना?" कडांना पायऱ्या पडल्या होत्या. चूक साधी होती. इंकस्केप पीएनजी काढताना आपल्या मनानं ९६ डीपीआय, म्हणजे इंचाला ९६ ठिपके, धरतं. बारा इंच रुंदीच्या छापाला तेवढ्यात ११५२ पिक्सेल मिळतात आणि लागतात ३६००, म्हणजे ३०० डीपीआयनं. मूळ चित्र रेषांचं असल्यामुळे एक्स्पोर्टच्या खिडकीत आकडा बदलला की काम झालं, चित्राला हातसुद्धा लावावा लागला नाही. क्रिटात हे चालत नाही. तिथं सुरुवातीलाच कागद लहान घेतला असेल, तर नंतर ७२ खोडून ३०० लिहिल्यानं फक्त आकडा बदलतो, चित्रातले ठिपके आहेत तेवढेच राहतात. त्यामुळे मी आता छापाच्या खऱ्या मापाचाच कागद घेऊन बसतो. पुढच्या बाजूला मोठ्यांना अकरा-बारा इंच, छातीवरच्या छोट्या चिन्हाला साडेतीन, पोरांना सात-आठ.

दुसरी फाइल बरोबर होती, पण मी ती व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली. तिथं ३६०० चे १६०० झाले, पीएनजीचं जेपीजी झालं आणि पारदर्शक पार्श्वभूमी पांढरी होऊन बसली. काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या चौकोनात बसलेला वाघ! छापायच्या आधी मामांनी फोन केला म्हणून बरं. फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायची, हे तेव्हापासून मी गिऱ्हाइकांनाही सांगतो. ऐकतात अर्धेच.

आता ज्याच्यासाठी मी इंकस्केप सोडणार नाही ती गोष्ट: मराठी अक्षर. आपल्याकडच्या बऱ्याच छपाईवाल्यांच्या मशीनवर जुनं कोरेल आणि श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर असतं. त्यांचं टायपिंग त्या कळफलकाशी जुळलेलं. आपण युनिकोडमधला (मोबाइलवर टाइप करतो तसला) मजकूर दिला की तिथं वेलांट्या सुटतात. फेब्रुवारीत एका मंडळाची फाइल मी मजकूर तसाच ठेवून दिली. त्यांच्या मशीनवर उघडली तर 'शिवजयंती'ची झाली होती 'शविजयंती'. इंकस्केपमध्ये युनिकोड टायपिंग नीट होतं, जोडाक्षरं नीट पडतात, रफार जागेवर बसतो. मग 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून अक्षरांचे आकार करायचे आणि ते पाठवायचे. फॉन्ट त्यांच्याकडे असो नसो, आकार हलत नाही. फक्त मजकुराची एक प्रत वेगळी ठेवायची, कारण आकार झालेल्या अक्षरात शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. 'तालिम' की 'तालीम' हा वाद मंडळात रात्री अकराला निघतो.

पण इथं एक खाच आहे, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. आकार केल्यावर प्रत्येक अक्षर सुटं असतं. शिरोरेषा दिसायला सलग, प्रत्यक्षात तुकड्यातुकड्यांची, शेजारच्याच्या अंगावर किंचित चढलेली. भरीव रंगात हे कळतच नाही. पण मंडळांना अक्षराभोवती जाड कड लागतेच लागते, काळ्यावर भगवं अक्षर आणि त्याला पांढरी बॉर्डर. ती कड दिली रे दिली, की जिथं जिथं दोन अक्षरं भेटतात तिथं शिरोरेषेवर उभी चीर दिसते. 'जगात भारी कोल्हापुरी' ह्या तीन शब्दांत मी अशा चिरा मोजत बसलो होतो. उपाय: आधी अनग्रुप, मग सगळ्या तुकड्यांचं 'युनियन', आणि मगच कड. तीही अक्षराच्या मागे ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीला, म्हणजे अक्षराची जाडी खाल्ली जात नाही. अक्षरांतलं अंतर वाढवायच्या भानगडीत मराठीत पडायचंच नाही, शिरोरेषा तुटते. इंग्रजी टी-शर्ट बघून आलेलं गिऱ्हाईक हमखास तेच मागतं.

फॉन्टचं म्हणाल तर 'एक टाइप' ह्या फॉन्टवाल्यांचा मुक्ता साध्या मजकुराला कायम चालतो. त्यांचाच मोदक नावासारखा गुबगुबीत आहे, पाठीवर मोठ्ठं नाव टाकायला नादखुळा. पण त्याच्या अक्षरांच्या पोटातल्या फटी इतक्या बारीक आहेत की छातीवर लहान छापला की शाईनं बुजतात. दिसायला ल आणि श मराठी वळणाचेच हवे असतील, तर तिरो देवनागरी मराठी बघा. हिंदी वळणाचा ल बघून एका गिऱ्हाइकाचे वडील मला म्हणाले होते, "हे आपलं न्हवं." बरोबर होतं त्यांचं.

कॉलेजच्या मुलींची एक ऑर्डर आली होती, टी-शर्टवर नुसतं 'आलो गं!' असं ब्रशच्या हातवळणाचं. माझं स्वतःचं अक्षर, शेपट्या केसासारख्या निघालेल्या. पडद्यावर इतकं देखणं, की मी दोन दिवस मोबाइलवर तेच लावलं होतं. तिसऱ्या धुण्यात ग ची शेपटी गेली. डीटीएफमध्ये शाईमागे गोंदाची पूड लागते. रेष बारीक असली की पूड धरायला जागाच नसते. आता अर्ध्या मिलीमीटरच्या खाली मी काही ठेवत नाही, आणि ते तपासायला सोपी युक्ती म्हणजे चित्राच्या शेजारी अर्ध्या मिलीमीटरची एक खरी रेष ओढून ठेवायची. नजरेला लगेच कळतं कोण बारीक आहे.

सगळ्यात महागात पडली ती मशाल. जुलैमध्ये मोहिमेला जाणाऱ्या एका ग्रुपसाठी गडद निळ्या टी-शर्टवर मशाल काढली, आणि तिच्याभोवती नारिंगी उजेड, बाहेर जाता जाता विरघळणारा. इंकस्केपमध्ये 'ब्लर'चा काटा सरकवला की झालं. पडद्यावर पाऊस, रात्र, बाजीप्रभूंची आठवण, सगळं आलं. छापून आलं ते मशालीभोवती दुधाळ कडं, पिठात बोट बुडवून काढल्यासारखं. असं का होतं ते मामांनी मशीनशेजारी उभं राहून दाखवलं. गडद कापडावर रंग दिसायला फिल्मवर रंगामागे पांढरी शाई मारावी लागते. चित्रात जिथं पूर्ण पारदर्शक नाही, तिथं मशीन पांढरं टाकणारच. आपला 'अर्धा' नारिंगी कापडात विरघळत नाही, त्याच्याखाली विरळ पांढरे ठिपके पडतात, आणि तेच आधी दिसतात. वर त्या विरळ ठिपक्यांना पूडही नीट धरत नाही.

"उजेड द्यायचा तर ठिपक्यांत दे, न्हाईतर किरणं काढ. मधलं काय चालत न्हाई," मामा म्हणाले. (ठिपक्यांत म्हणजे सुट्या, पूर्ण भरीव ठिपक्यांत.) मी किरणं काढली, ठसठशीत, तीन छटांची, प्रत्येक छटा भरीव. खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा चांगली दिसली. नमुन्याचा एक टी-शर्ट तेवढा अंगावर पडला, माझ्याच. त्या दिवसापासून फाइल पाठवायच्या आधी मी टी-शर्टच्या रंगाचा एक चौकोन चित्राखाली सरकवून बघतो. क्रिटातल्या चित्राच्या कडेला राहिलेली पांढरी किनारही त्यातच सापडते. एक्स्पोर्टच्या आधी तो चौकोन लपवायचा मात्र. एकदा विसरलो होतो, ते इथं सांगत बसत नाही.

काळ्या टी-शर्टवर चित्रातला काळा छापायचाच नाही, हेही मामांचंच. मावळ्याच्या मिशा, डोळ्यांच्या कडा, सावल्या, तिथं चित्राला भोक पाडायचं आणि कापडाचा काळा दिसू द्यायचा. इंकस्केपमध्ये 'डिफरन्स'नं हे दोन मिनिटांत होतं. नाहीतर छातीवर रबराचा सलग पत्रा बसतो आणि पोरं म्हणतात, ताडपत्री घातल्यागत वाटतंय.

रंगाच्या बाबतीत मात्र इंकस्केपला मी पास करणार नाही. ते मुळात पडद्याच्या आरजीबी रंगात विचार करतं. छापल्यावर रंग कसा पडेल, ह्याचा भरवशाचा अंदाज मला त्यात कधी आला नाही. क्रिटात सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे छापलेला रंग पडद्यावर आधी बघायची सोय आहे, त्यात थोडा येतो. आणि कोल्हापुरात रंग म्हणजे भगवा. पडद्यावरचा तो पेटता भगवा चार शायांत बसतच नाही, छापून विटकरीकडे झुकतो. वर गिऱ्हाईक रंग पास करतं ते मोबाइलवर, तेही बिंदू चौकात उन्हात उभं राहून. शेवटी मी एका फिल्मच्या उरलेल्या कोपऱ्यात नारिंगीचे बारा चौकोन टाकले, प्रत्येकाखाली त्याचा आकडा, आणि भावाच्या जुन्या काळ्या बनियनवर ते दाबून घेतले. ते बनियन आता भिंतीवर टांगलंय. भगवा मी पडद्यावर निवडतच नाही, बनियनवर निवडतो. सात नंबरचा जातो बहुतेक वेळा.

मंगळवार पेठेतल्या स्क्रीनवाल्यांना पीएनजी दाखवलीच तर ते वर बघत नाहीत. त्यांना प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म लागते, सगळी शुद्ध काळ्यात, आणि चारी कोपऱ्यांत जुळणीच्या खुणा. रंग सुटे करायचं तयार बटण इंकस्केपमध्ये मला सापडलं नाही. मी रंगागणिक एक लेयर करतो, सगळं काळं करतो, आणि एकत्रित एक्स्पोर्टमधून प्रत्येक लेयरची फाइल एका दमात काढतो. ही सोय १.२ आवृत्तीपासून आहे, जुनी असेल तर बदला. रंगाखालचा पांढरा थर केसभर आत घ्यावा लागतो, म्हणजे स्क्रीन किंचित हलली तरी पांढरं बाहेर डोकावत नाही. त्याला 'इनसेट' पुरतं. शाहू स्टेडियमवर घालायचे म्हणून एका फुटबॉल संघाच्या चाहत्यांनी दीडशे नग केले होते, तीन रंगांत. एकाचीही जुळणी चुकली नाही. त्यात हात स्क्रीनवाल्यांचा जास्त, फाइल माझी कमी.

तक्रारी आणखी आहेत. मंडळ आपलं चिन्ह देतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून मळलेलं. ते 'ट्रेस बिटमॅप'मध्ये घातलं की हजारो बिंदूंचा गोळा निघतो आणि माझा आठ जीबीचा लॅपटॉप पंख्यासकट बोंबलतो. वाघाचे दात बटाट्यासारखे होतात. दोन तास घालवून पेननं हातानं गिरवणं हेच शेवटी स्वस्त पडतं. इंकस्केपची स्वतःची एसव्हीजी फाइल कोरेलमध्ये उघडली की कधी कातरलेला भाग परत दिसतो, कधी माप बदलतं. पीडीएफ दिली की कटकट कमी. आणि कागदाबाहेर विसरलेला एखादा ठिपका! 'ड्रॉइंग' निवडून एक्स्पोर्ट केलं की तो ठिपकाही चित्रात मोजला जातो. माझ्या एका फाइलीत तो उजवीकडे लांब पडला होता. दुकानात फाइल अकरा इंचांवर बसवली, आणि खरं चित्र आलं आठ इंचांचं, तेही डावीकडे सरकलेलं. व्ह्यूमधला आउटलाइन मोड लावला की असले भटके लगेच दिसतात. मी तो रोज लावतो.

घ्यावं का? मराठी अक्षराचं काम असेल तर डोळे झाकून. नुसते फोटो आणि शेडिंगची चित्रं छापायची असतील, तर क्रिटावरच भागतं, उगीच दोन घरं कशाला. आणि पोटापाण्यासाठी रोज कोरेलवाल्यांशी फाइलींची देवघेव असेल, तर त्यांच्या मशीनवर एकदा उघडून बघितल्याशिवाय तारीख देऊ नका.

तो दुधाळ कड्याचा निळा टी-शर्ट मी घरात घालतो. आठ-दहा धुणी झाली. मशाल अजून लालबुंद आहे, कडं मात्र सगळं झडून गेलंय. परवा मामांनी बघितला आणि म्हणाले, "आता बरोबर आलीया फाइल."