जाळी दहा गेजची ठरली, लावली बारा गेजची

रस्त्याकडेला ज्यांचा गोठा किंवा शेळ्यांचं शेड आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कुंपणाच्या कामात ठेकेदाराने मला फसवलं. माझे पैसे गेले ते गेलेच. पण त्या कुंपणापायी शेजारच्या गावच्या एका पोराच्या खांद्याचं हाड मोडलं, आणि ते मला अजून रात्रीचं आठवतं.

बार्शी–परांडा रस्त्याला लागून आमचं रान आहे. मी ३२ उस्मानाबादी शेळ्या पाळते. रस्त्याच्या बाजूने ४०० फूट उघडं होतं. आधी बाभळीच्या फांद्यांची काटी लावायचो, पण कारखाने सुरू झाले की दिवसरात्र उसाच्या ट्रॉल्या धावतात. एक शेळी चाकाखाली गेली, तेव्हा मालक म्हणाले, आता पक्कं कुंपण करायचं. बचत गटातून ५० हजार उचलले आणि तालुक्यातल्या एका ठेकेदाराला बोलावलं.

माणूस गोड बोलणारा. बसल्या बसल्या पिशवीतून जाळीचा वीतभर तुकडा काढून माझ्या हातात दिला. "ताई, ही दहा गेज. हत्ती धडकला तरी वाकणार नाही." गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप. तुकडा खरंच दणकट होता. पाच फूट उंच जाळी, चाळीसचे अँगल म्हणजे लोखंडी खांब, मजुरीसह लांबीच्या दर फुटाला १९० रुपये, म्हणजे ७६ हजार. एका चिठ्ठीवर त्याने लिहून दिलं, 'जाळी १० नं., अँगल ४०, फूट ४००.' खाली सही नाही, तारीख नाही. मी चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली आणि तो तुकडा खिळ्याला अडकवला.

मे महिन्यात दोन दिवसांत काम उरकलं. पहिल्या दिवशी मी भावकीतल्या लग्नाला गेले होते, बहुतेक खड्डे त्याच दिवशी झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पांढरीशुभ्र जाळी चमकताना बघून बरं वाटलं आणि उरलेले २६ हजार मी ठेकेदाराच्या हातावर ठेवले.

पहिल्याच पावसाळ्यात खांब कलले. आमची काळी माती, पावसात फुगते, उन्हात भेगाळते, जे उथळ पुरलंय ते हलवून मोकळं करते. त्यात शेळीची जात. जाळीवर पुढचे दोन पाय टाकून उभी राहणार, पलीकडचा पाला ओढणार. मधोमध जाळीला झोळ पडला. ठेकेदाराला चार फोन केले. "येतो ताई, पाऊस उघडू द्या." नंतर फोन उचलणं बंद.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी दिवेलागणीला दोन शेळ्या त्या झोळावरून बाहेर पडल्या. मोटारसायकलवरचा पोरगा एकीला वाचवायला गेला आणि खडीवर घसरला. शेळी जागेवर मेली, गाभण होती. पोराला मालकांनी जीपमध्ये घालून बार्शीला नेलं. त्याच्या आईने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, त्याने मी जास्तच खचले. पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी सांगितलं की जनावर नीट राखलं नाही आणि त्यापायी माणसाला इजा झाली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली जनावर पाळणाऱ्यावर गुन्हा होतो. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या घरच्यांनी तक्रार केली नाही, हे त्यांचे उपकार.

दुसऱ्या दिवशी मी खिळ्यावरचा तुकडा काढला आणि कुंपणाला लावून बघितला. नुसत्या बोटांना फरक कळत होता. दोन्ही तारा घेऊन बार्शीत लेथवाल्याकडे गेले. त्याच्या जाडी मोजायच्या व्हर्नियरवर नमुन्याची तार ३.२ मिलिमीटर भरली, कुंपणाची २.६. म्हणजे बारा गेज. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय, असं वाटेल, पण लोखंड एक तृतीयांश कमी जातं.

घरी येऊन एक अख्खं बंडल सोडवलं, गुंडाळलं आणि शेळ्या तोलायच्या काट्याला टांगलं. २८ किलो. पाच फूट उंच, पन्नास फूट लांब, तीन इंची भोकाची खरी दहा गेज जाळी ४० किलोच्या पुढे भरते. ज्या काट्यावर व्यापाऱ्याकडून मी पाव किलोचाही हिशोब घेते, तो काटा जाळी उतरली त्या दिवशी दहा पावलांवर आढ्याला लटकत होता.

खांब उपटले तर आणखी उघडं पडलं. दर दहा फुटांवर धरले तर ४१ पाहिजेत, होते ३१. सात फुटी ठरलेले, निघाले सहा फुटी. जमिनीत दोन फुटांऐवजी एक फूट, आणि सिमेंट फक्त वरून थापलेलं. 'चाळीसचा अँगल' म्हणजे रुंदी चाळीस मिलिमीटर, हे खरंच होतं. जाडी मात्र पाच नव्हे, तीन. वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. जिथे खांबामागे साडेसहा किलोच्या आसपास लोखंड यायला हवं, तिथे सव्वातीन आलं. जाळीच्या पिळांवर सहा महिन्यांतच तांबेरा चढला होता, म्हणजे जस्ताचा मुलामाही नावापुरता.

म्हणून सांगते, फुटावर व्यवहार करू नका. तारेची जाडी मिलिमीटरमध्ये, बंडलाचं वजन, अँगलची रुंदी आणि जाडी, खांबाची लांबी, दोन खांबांतलं अंतर, खड्ड्याची खोली हे सगळं बिलावर लिहून घ्या. जाळीसाठी आयएस २७२१ हे मानक आहे, तेही लिहायला लावा. गाडीतून माल उतरायच्या आत एक बंडल तोला. खड्डे स्वतः उभं राहून मोजा आणि मगच काँक्रीट पडू द्या. चौथा हिस्सा तरी पैसे एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा.

दुसऱ्यांदा कुंपण केलं तेव्हा खालच्या दोन फुटांना दोन इंची जाळी जोडली, करडं खालून सरकतात. कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांना तिरके टेके दिले, वर, मध्ये आणि खाली आठ गेजची ताण तार ओढली. काटेरी तार सुचवणारे बरेच भेटले. मी नको म्हटलं. कासेच्या उंचीला ती तार आली की जनावर फाटतं, आणि रस्त्यावर पडलेला माणूसही तिच्यावर जाऊ शकतो. आधीचं फाटक रस्त्यावर उघडायचं. आता ते पंधरा फूट आत घेतलंय आणि आत उघडतं, म्हणजे पिकअप रस्ता सोडून उभी राहते. आधीचे काही खांब ठेकेदाराने थेट रस्त्याच्या चारीत रोवले होते, "जागा वाढते ताई" म्हणून. या वेळी मोजणी करून रस्त्याची हद्द सोडूनच खांब घातले.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. माझ्याकडे ती बिनसहीची चिठ्ठी, मोबाईलमधले काट्याचे फोटो आणि तारेचे दोन तुकडे आहेत, एवढ्यावरच चाललंय. ते दोन तुकडे आता एका सुतळीत बांधून ठेवलेत. आमच्या भागात कोणी जाळी घ्यायला निघालं असेल तर आधी येऊन दोन्ही हातात धरून बघा, काटाही घेऊन जा.