श्रीलंका, थायलंड की बाली? बेळगावातून पहिल्यांदा निघताना

सुगी आटोपली, हातात चार पैसे आले की आमच्या घरी दरवर्षी विषय निघतो, यंदा देशाबाहेर जाऊन येऊ या. कुणी थायलंड म्हणतं, कुणी इंडोनेशियातलं बाली बेट. मग काकी म्हणतात, "नारळ आणि समुद्रच बघायचा तर चोर्ल्यातनं गोव्याला जाऊ या की!" काकींचं अगदीच चूक नाही. कणकुंबीचा पाऊस बघितलेल्या माणसाला हिरव्यागार डोंगरांचं काय कौतुक? पण त्याच पावसामुळे आपल्याला एक गोष्ट चटकन कळायला हवी, ती म्हणजे अशा देशांत कुठे जायचं यापेक्षा कधी जायचं हे मोठं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी महिना ठरवा, देश मग.

आपल्याला निघायला जमतं ते तीनदा. सुगीनंतर जानेवारी-फेब्रुवारीत, पोरांच्या एप्रिल-मेच्या सुट्टीत आणि दसऱ्याच्या सुट्टीत.

जानेवारी-फेब्रुवारीत श्रीलंकेचा दक्षिण-पश्चिम किनारा आणि थायलंड दोन्ही छान कोरडे असतात, बालीत मात्र ऐन पावसाळा. मे महिन्यात उलट. बालीत पाऊस सरलेला असतो, बँकॉकमध्ये एप्रिलपासून अंगाची लाही होते आणि श्रीलंकेच्या दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वारे दाखल होतात. तेव्हाही श्रीलंकाच हवी असेल तर पूर्वेला त्रिंकोमालीकडे जा, तिथे त्या दिवसांत ऊन असतं. दसऱ्याला या तिघांत बाली सगळ्यात भरवशाची. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाला एजंटाने ऑक्टोबरात थायलंडमधल्या फुकेतची सहल स्वस्त म्हणून गळ्यात मारली. समुद्रावर लाल बावटे, बेटांकडे जाणाऱ्या बोटी बंद, पोरं चार दिवस हॉटेलच्या खिडकीत. दर कमी का होता, हे त्यांना तिथे गेल्यावर कळलं.

महिना जुळला की बघायचं, बरोबर कोण आहे.

आई-वडील असतील तर माझं मत श्रीलंकेला. मी आईला घेऊन फेब्रुवारीत गेले होते. रात्रीच्या गाडीने बंगळूर, तिथून कोलंबोचं विमान दोन तासांच्या आत. घड्याळ बदलावं लागत नाही, त्यामुळे तिच्या गोळ्यांच्या वेळा चुकल्या नाहीत. थायलंडला घड्याळ दीड तास पुढे, बालीला अडीच तास, आणि बालीचं विमान तर सहा तासांहून जास्त. गुडघे धरलेल्या माणसाला हा फरक फार मोठा.

शिवाय आपल्यासारख्या दोन भाषांत वाढलेल्या माणसाला तिथे एक वेगळीच गंमत. पाट्यांवरची सिंहली अक्षरं कानडीसारखी गोल, आणि शब्द विचारले तर आपल्या जवळचे. गाव म्हणजे 'गम', हात म्हणजे 'अत', मुलगा 'पुता'. आई बसल्या जागी ड्रायव्हरला एकेक वस्तू दाखवून नाव विचारत होती. बुद्धाचा दात जपलेलं कँडीचं दंतमंदिर तिने शांतपणे बघितलं. सिगिरियाच्या खडकावरच्या किल्ल्याच्या सुमारे 1,200 पायऱ्या बघून मात्र खालच्या बागेतच बसली, आणि तेच बरं झालं. कँडीकडून एल्लाकडे चहाच्या मळ्यांतून जाणाऱ्या रेल्वेचं सगळेच नाव काढतात, पण 2025 च्या नोव्हेंबरअखेरच्या दितवा चक्रीवादळात डोंगरातल्या रुळांचं बरंच नुकसान झालं. गाडी कुठपर्यंत धावते ते विचारूनच बेत आखा. पौर्णिमेला तिथे सुट्टी असते, तेवढं कॅलेंडरात बघून घ्या.

शाकाहारी माणसांनी नीट ऐका. श्रीलंकेत लाल तांदळाचा भात, नारळाच्या दुधातली डाळ, तांदळाच्या शेवया, सगळं ओळखीचं वाटतं. मग वाटीत खोबऱ्याची लालभडक चटणी येते, अगदी आपल्यासारखी दिसणारी. तिच्यात बरेचदा सुक्या माशाचा चुरा असतो. आईचा हात तोंडाशी जाता जाता मी धरला. थायलंडमध्ये हेच माशाच्या खारट पाण्याचं (फिश सॉस), साध्या भाजीतही ते पडतं. तिथे पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेली दुकानं शोधा, त्यांत मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो. बालीत कोळंबीचा मसाला विचारून घ्यावा. तिघांकडेही शेंगाचटणीचा डबा सोबत हवाच.

थायलंडबद्दल थोडक्यात सांगते. लहान पोरं असतील किंवा तरुण मंडळी असतील तर पहिल्यांदा फिरायला हा सगळ्यात सोपा देश. बँकॉकमध्ये खांबांवरून धावणारी रेल्वे, नदीत बोटी, कुणाला फार विचारावं लागत नाही. राजवाड्यात गुडघे-खांदे झाकलेले हवेत. व्हिसाचे नियम मात्र सारखे बदलतात, तिकीट काढायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा.

बाली मला सगळ्यात आवडली ती देवळांपेक्षा पाटांसाठी. माझं माहेर हुक्केरीकडचं, पाण्याच्या पाळीवरून भावकीत बोलणी बंद झालेली बघत वाढलेय. जातीलुविहच्या भातखाचरांत पाट फुटतो तिथे एक आडवं लाकूड घातलेलं होतं, त्याला खाचा पाडलेल्या. ज्याचं जेवढं शेत तेवढी खाच रुंद. पाणी आपोआप वाटलं जात होतं. या व्यवस्थेला 'सुबक' म्हणतात. गावकरी पाण्याच्या देवळात बसून पाळ्या ठरवतात. 2012 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा मानलं. मी त्या लाकडापाशी पाऊण तास उभी होते. शेतकरी घरातल्या माणसाने मे महिन्यात जायचं असेल तर दुसरा विचार करू नये.

खर्च मात्र बालीचा जास्त. विमानतळावर व्हिसाचे 5 लाख रुपिया, वर बेटाचा कर दीड लाख रुपिया. आकड्यांना घाबरू नका, दोन्ही मिळून आपले साडेतीन हजारांच्या आसपास. खरी रक्कम तिकिटात जाते. मार्चमधला 'न्येपी'चा दिवस टाळा. ते त्यांच्या शक वर्षाचं नववर्ष, आकडाही आपल्याच शकाचा. 2026 मध्ये तर न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही 19 मार्चलाच आले. आपण गुढी उभारतो, ते दिवसभर घराबाहेर पडत नाहीत, आणि विमानतळही बंद असतो.

आई यंदा बालीला येते म्हणतेय. मी मे महिना धरलाय, आणि बंगळूरला एक रात्र मुक्काम, कारण रात्रभर गाडीत बसून लगेच सहा तासांचं विमान तिला झेपणार नाही.