जॉन्सन की निक्सन: कोणाचं दफ्तर आधी उघडावं?

अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या कागदपत्रांत शिरायचं तर माझ्या मते दोनच दारं महत्त्वाची: ऑस्टिनचं जॉन्सन ग्रंथालय आणि योर्बा लिंडाचं निक्सन ग्रंथालय. दोन्ही आज राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात आहेत, पण तिथवर पोचले ते अगदी वेगळ्या वाटांनी.

जॉन्सनने आपली दफ्तरं राजीखुशीने दिली आणि १९७१ मध्ये ग्रंथालय उघडलं. निक्सनची मात्र जप्तीच म्हणा ना! वॉटरगेटनंतर (विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीचं प्रकरण, ज्यात निक्सनला राजीनामा द्यावा लागला) १९७४ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून त्याचे कागद आणि टेप ताब्यात घेतले. तो कोर्टात गेला, पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरला. योर्बा लिंडा सरकारी झालं ते थेट २००७ मध्ये.

खरी मजा टेपमध्ये आहे. जॉन्सन कोणता फोन रेकॉर्ड करायचा ते स्वतः ठरवी. म्हणून ऐकायला सोपं, पण निवडक. निक्सनकडे आवाज झाला की यंत्र आपोआप सुरू. जवळपास ३,७०० तास! टेबलावर कप आपटला की वाक्य गेलंच. शेजारचं भांडण भिंतीला कान लावून ऐकावं तसं. २० जून १९७२ च्या टेपमधली साडेअठरा मिनिटं तर पुसलेलीच आहेत.

नवख्याने जॉन्सनपासून सुरुवात करावी. बांगलादेश युद्धात रस असेल तर मात्र निक्सनला पर्याय नाही: नोव्हेंबर १९७१ मध्ये इंदिरा गांधी भेटून गेल्यावर तो आणि त्याचा सुरक्षा सल्लागार किसिंजर इंदिराजींबद्दल जे बोलले, ते या टेपमध्ये जसंच्या तसं आहे.