रेकॉर्डर की ऑटोहॉटकी? तालुक्याच्या नेटवर टिकेल ते

खरिपाच्या विम्याची मुदत जवळ आली की तालुक्याच्या ऑनलाइन दुकानांत रात्री उशिरापर्यंत तेच ते चालतं: गाव, मंडळ, पीक, टॅब, टॅब, एंटर. मॅक्रोची, म्हणजे तेच ते काम मशीनकडून आपोआप करून घेण्याच्या सोयीची, आठवण सगळ्यांना तेव्हाच होते. मग प्रश्न येतो, भाऊ, माऊस-कीबोर्ड रेकॉर्ड करणारं छोटं सॉफ्टवेअर टाकू की ऑटोहॉटकी शिकू? (ऑटोहॉटकी म्हणजे आपण लिहून दिलेल्या ओळींप्रमाणे माऊस-कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर.) माझ्या मशीनवर दोन्ही आहेत.

रेकॉर्डरचं सुख खरं आहे. बटण दाबा, एकदा काम करून दाखवा, मग तो तेच करत राहतो. कोडची भानगड नाही. दुकानावर बसणाऱ्या पोराला शिकवून होईपर्यंत चहासुद्धा गार होत नाही. ओळखीच्या कृषी केंद्रात बिलिंगचं सॉफ्टवेअर त्याच मशीनवर चालतं, नेटशी संबंध नाही. तिथे मी आजही रेकॉर्डरच लावून देतो.

माझं घोडं अडलं ते वाट पाहण्यापाशी. रेकॉर्डर फक्त वेळ मोजतो, समोर काय उघडलंय हे त्याला दिसत नाही. सकाळी पान चटकन उघडतं. दुपारी लाईन गेली, टॉवर मंदावला, की तेच पान गोल गोल फिरत बसतं. हा मात्र ठरल्या वेळी टॅब मारून मोकळा होतो आणि शेतकऱ्याचं नाव गट नंबरच्या रकान्यात जाऊन बसतं. मध्ये लांब थांबे घालून रेकॉर्ड करा, असं काही जण सुचवतात. तेही केलं. मग नेट चांगलं असताना मशीन उगाच खोळंबून राहतं, आणि वाईट दिवशी तेवढा थांबाही पुरत नाही. अर्जात गट नंबर चुकला तर पुढे काय रामायण होतं, हे विदर्भात कोणाला सांगायला नको, राजेहो.

ऑटोहॉटकीला थांबायला सांगता येतं. ‘विनवेटॲक्टिव्ह’ची एक ओळ लिहायची: अमुक शीर्षकाची विंडो समोर येईपर्यंत थांब, २० सेकंदांत आली नाही तर काम सोडून दे. ब्राउझरच्या विंडोचं शीर्षक बहुतेक वेळा पानागणिक बदलतं, म्हणून हे जमतं. शीर्षक तेच राहून आतला फॉर्म तेवढा बदलत असेल, तर ‘पिक्सेलगेटकलर’ने एखाद्या बटणाचा रंग तपासायचा. हा उपाय तितका पक्का नाही, ब्राउझरचा झूम बदलला की जागा सरकते. तरी आंधळेपणाने सेकंद मोजण्यापेक्षा बरा. कॅप्चा आणि ओटीपी मात्र हातानेच भरायचे. ते मॅक्रोवर सोडायची गोष्टच नाही.

दुसरा फायदा मला नंतर कळला आणि आता तोच जास्त वापरतो. दोन-तीन अक्षरं टाइप करून स्पेस दिला की ‘मा. तहसीलदार साहेब’पासून अर्जाचा अख्खा मायना मराठीत उमटतो. हे रेकॉर्डरचं कामच नव्हे. (जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम करत असाल तर याचा उपयोग नाही.)

शिकायला ऑटोहॉटकी जड आहे, हे मान्य. पहिले काही दिवस एखादा कंस राहिला म्हणून डोकं फिरतं. मशीनवरचं सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल तर स्क्रिप्टही (आपण लिहिलेल्या ओळींची फाईल) तशीच चालवावी लागते, नाहीतर बटण दाबल्याचं त्या सॉफ्टवेअरला कळतच नाही. पण रोज नेटशी झुंजायचं असेल, तर माझ्या मते हा त्रास एकदाच काढावा.

घ्यायची तर आवृत्ती २ घ्या. ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि फाईल यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) आहे असंच धरून चालते, त्यामुळे नोटपॅडमध्ये लिहिलेलं देवनागरी विस्कटत नाही. जुन्या १.१ आवृत्तीत त्यासाठी फाईल बीओएमसकट (फाईल युनिकोड आहे हे सांगणारी सुरुवातीची खूण) सेव्ह करावी लागायची. नेटवर सापडणारा बराच कोड अजून १.१ चाच आहे आणि तो २ मध्ये जसाच्या तसा चालत नाही. ‘सेंड’ शब्दाला चिकटून लगेच स्वल्पविराम दिसला, की तो जुना कोड समजा आणि पुढचं पान उघडा.